मन्या, तुझा पेटीबोन दगडावर चढतोय

मन्या, उभ्या जन्मात तू कुठे वेळेवर पोचला नाहीस. स्वतःच्या लग्नात एवढा उशीर केलास की सुमनवहिनींच्या हातातल्या हाराला बिया धरल्या, त्या मांडवात पडल्या, झेंडूची रोपं उगवली, आणि ती खुडून दुसरा हार गुंफेपर्यंत तू आलास. मी होतो ना तिथे, खोटं कशाला सांगू. आणि जायचं म्हटल्यावर मात्र काय ही घाई! भरदुपारी, खुर्चीत, चष्मा नाकावर तसाच, शेजारी चहा कोमट. सोमवारपर्यंत थांबला असतास तर काय बिघडलं असतं? सोमवारी तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एक माणूस छिन्नी घेऊन दगडापुढे बसणार आहे. तो जे कोरणार आहे ते चूक आहे, हे सबंध पृथ्वीवर दोघांनाच माहीत होतं. एक तू, दुसरा मी. त्यातला तू सटकलास. उरलो मी, आणि माझ्यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून कॉव्हेंट्रीत जन्माला यायचाय.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बसलो की उठतो, उठलो की किटली लावतो, किटली उकळली की चहा करायचा विसरून बाहेर पडतो. परवा बसपास काढला आणि बर्मिंगहॅमला गेलो. तिथे उतरलोच नाही, त्याच बसमध्ये बसून राहिलो. ड्रायव्हर सरदारजी होता. म्हणाला, "अंकल, कुछ भूल गए क्या?" म्हटलं, "नाही रे बाबा, मलाच कुणीतरी विसरून गेलंय." त्याला काय कळलं कोण जाणे, पण परतीला त्यानं मला माझ्या दारासमोर उतरवलं, जिथे बसचा स्टॉप नाही, रस्तासुद्धा नाही. बरं, स्टॉपवर उतरवलं. पण हळू उतरवलं.

हे सगळं सुरू झालं ते तुझ्या सुनेमुळे. निखिल केंब्रिजला शिकायला गेला आणि डिग्रीबरोबर बेथला घेऊन आला. अमेरिकेची, उंच, मोठ्यानं हसणारी. पहिलं वर्षभर तू तिच्याशी हवामान सोडून दुसऱ्या विषयावर बोलला नाहीस. आता कॉव्हेंट्रीच्या हवामानावर वर्षभर बोलायचं म्हणजे केवढं अवघड काम! 'पाऊस आहे', 'पाऊस थांबला वाटतं', 'नाही थांबला'. एवढ्या वेळात आपल्याकडची तीन घराणी भांडून एकमेकांपासून तुटतील.

मग एका रविवारी जेवताना ती म्हणाली की तिच्या आईची, कॅरलची, एक इच्छा राहिली आहे. कॅरलनं ऐंशी ओलांडलेली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की अमेरिका इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठली तेव्हा आपला एक पूर्वज मिलिशियात होता. पण तो कोण, कुणाचा कोण, हे कुणालाच सापडलं नाही. तू आमटीतून मान वर काढलीस.

"आडनाव काय त्यांचं?"

"पेटीबोन."

मी म्हटलं, "हार्मोनियम दुरुस्त करणारं घराणं दिसतंय."

तू हसला नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू रिटायर होऊन सहा महिने घरात येरझाऱ्या घालत होतास. भूल देणारा डॉक्टर रिकामा बसला की घरातल्यांना झोप येत नाही. तुझा हात तर असा, की तू झोपवलेला पेशंट उठायचा तो मराठीतच बोलत उठायचा. वॉर्डातल्या सिस्टर्स घाबरून वहिनींना फोन करायच्या, "मिसेस डॉक्टर, हा 'आई गं' म्हणजे काय म्हणतोय?"

मिलिशिया म्हणजे काय हे तूच मला समजावलंस. "शऱ्या, ती पगारी फौज नव्हे. गावातले शेतकरी, सुतार, लोहार. बंदूक ज्याची त्याची, भाकरी घरची. ठरल्या दिवशी चर्चपुढच्या मैदानात कवायत करायची, गाईच्या धारेच्या वेळेला घरी. आणि आरोळी आली की हातातलं टाकून धावायचं."

"म्हणजे आपले मावळे. दसऱ्याला बाहेर, पेरणीला परत."

"जवळजवळ," तू म्हणालास.

मी तुला आठवण करून दिली की आपण दोघं नागरिकत्व घेताना टाउन हॉलमध्ये उजवा हात वर करून राणीशी इमान राखू म्हणून शपथ घेऊन बसलोय, आणि तू तिच्याच खापरपणजोबावर बंदूक रोखणाऱ्याला शोधतोयस. "शपथेत मागच्या राजांचं काही नव्हतं," तू म्हणालास. कायद्यात तुला कोण हरवणार!

मग तू असा मागे लागलास की तिकडच्या दफनभूमीतली मंडळी कूस बदलायला लागली. दर रविवारी दुपारी डायनिंग टेबलावर तू, बेथ आणि लॅपटॉप. मी बाजूला बसून अडथळे आणायचो. बेथ मराठी शिकली ती या टेबलावर, आपली भांडणं ऐकून. म्हणून तर ती सगळ्यांना 'तू' म्हणते आणि माया आली की 'गाढवा'. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना तिनं "बस रे, चहा घे" म्हटलं, तेव्हा वहिनी आत पळाल्या आणि तू हसून हसून खुर्चीतून खाली आलास. हवामानाचा विषय त्या दिवसापासून बंद पडला. तुझ्या घरात सून आली ती लग्नानंतर दीड वर्षानं, आणि वरातीत होता एक अमेरिकन शेतकरी.

कॅरलच्या घराण्याची साखळी मागे मागे जात एमॉसपर्यंत नीट लागली. एमॉस लुईस पेटीबोन. त्याची कबर गावात आहे, वरचा दगड झिजून साबणाच्या वडीसारखा झालेला. पण त्याचा बाप कोण? तिथे सगळे अडले होते. आणि एका सकाळी तुझा फोन आला, मी दात घासत होतो.

"शऱ्या, आपण बैल आहोत! बाप त्याच्या नावातच बसलाय!"

मला क्षणात पटलं. निखिल मनोहर. मनोहर केशव. शरद विष्णू. माणसाच्या मधोमध त्याचा बाप उभा असतो, हे काय शिकवावं लागतं? एमॉस लुईस, म्हणजे लुईसचा एमॉस. पुन्हा नशीब असं, की शेजारच्या कौंटीत तुला खरोखरच एक लुईस पेटीबोन सापडला. मिलिशियातला. आणि साधासुधा नव्हे, एका लाकडी पुलावर मागे न हटता पडलेला. झालं! तू तर ताम्रपट सापडल्यासारखा घरभर नाचलास.

मन्या, आपण दोघं या देशात किती वर्षं राहिलो रे! माझ्या फॅक्टरीतला फोरमन जॉन एडवर्ड, त्याच्या बापाचं नाव एडवर्ड, असं मी नोकरी संपेपर्यंत धरून चाललो. त्याला ख्रिसमसला "हाऊ इज एडवर्ड?" असं विचारायचो. तो म्हणायचा, "आय ॲम फाइन." मला वाटायचं, बापाशी पटत नसेल बिचाऱ्याचं.

तू कॅरलला निकाल तेवढा सांगितलास, रीत सांगितली नाहीस. आणि डॉक्टरनं निदान सांगितल्यावर 'कशावरून' असं कोण विचारतं? ती स्क्रीनवर रडली. बेथ रडली. तू डोळ्यात काहीतरी गेल्याचं नाटक केलंस. वातावरण फार ओलं झालं म्हणून मी लुईसची गोष्ट सांगितली. पुलावर तो एकटा असा लढला, म्हटलं, की बंदुकीची नळी तापून लाल झाली, आणि दुपारी भूक लागली तेव्हा त्यानं तिच्यावर भाकरी भाजली, अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी इंग्रजांकडे पाठवली. कॅरलला ती एवढी आवडली की तिनं ती तिकडच्या चर्चमध्ये जाऊन सांगितली. मॅसॅच्युसेट्समध्ये ज्वारीची भाकरी पोचवणारा मी पहिला. आणि मग कॅरलनं नातेवाइकांना गोळा करून ठरवलं, एमॉसच्या कबरीवर नवा दगड बसवायचा: एमॉस, मिलिशियातल्या लुईस पेटीबोनचा मुलगा.

सगळं छान चाललं होतं. निखिलच्या वाढदिवसाचं जेवण होतं, श्रीखंड-पुरी. कॅरल टॅबलेटवर, लोणच्याच्या बरणीला टेकून उभी. दगड तयार आहे, पुढच्या आठवड्यात सोमवारी अक्षरं कोरायला घेतील, असं सांगत होती. तू नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलंस, "कॅरल, तुमचं मधलं नाव बेनेट. तुमच्या वडिलांचं नाव बेनेट होतं का?"

ती हसली. "नाही हो डॉक्टर! बेनेट माझ्या आईचं माहेरचं आडनाव. आमच्यात पहिल्यापासून तीच पद्धत. आईचं घराणं मधे ठेवतात, म्हणजे पुसलं जात नाही."

तुझा चमचा श्रीखंडात उभा राहिला. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे. इतक्या वर्षांत तुझा चेहरा असा मी एकदाच पाहिलेला, तू गाडी चालवायला शिकत होतास आणि मागच्या ऐवजी पुढे गेलास तेव्हा.

चार दिवसांनी तू मला बागेत फिरायला बोलावलंस. वारा असा सुटला होता की बदकं उलटी उडत होती. तू तोवर सगळं पुन्हा खणून काढलं होतंस. एमॉसचा बाप कॅलेब. आई हॅना, माहेरची लुईस.

"आणि तो पुलावरचा?" मी विचारलं.

"त्याचा संबंधच नाही. लग्नच झालं नव्हतं बिचाऱ्याचं. तेविशीत गेला."

"म्हणजे तू..."

"एका ब्रह्मचाऱ्याला बाप केलं," तू म्हणालास, "आणि एका बाईला पुरुष."

मी हसलो. तू हसला नाहीस.

"बरं, हा कॅलेब? मिलिशियात होता ना?"

"होता की. आरोळी आली तसा बंदूक घेऊन निघाला. रात्रभर चालला. पोचला तेव्हा लढाई संपली होती. परत आला, गवत कापायला लागला."

"म्हणजे बस चुकली."

"हं."

मग आपलं जुंपलं. मी म्हटलं, मन्या, गप्प बस. त्या म्हातारीला जन्मभर वाट बघून एक शूर माणूस मिळालाय, तो काढून घेऊन तू तिच्या हातात बस चुकलेला माणूस देणार? तू म्हणालास, शूर माणूस तिचा नव्हताच, मी दुसऱ्याच्या घरातला उचलून तिला दिला. मी म्हटलं, अरे, अडीचशे वर्षं झाली, मेलेल्यांना काय फरक पडतो? तू म्हणालास, "कॅलेबचं जाऊ दे. हॅनाचं काय? त्या लोकांनी तिचं नाव मुलाच्या नावात जपून ठेवलं. मी ते खोडलं. आणि आता मी ते दगडावर खोडणार."

"तुला काय पडलंय एवढं हॅनाचं? तुझी कोण लागते ती?"

तू थांबलास. ऑपरेशनच्या मध्येच पेशंटनं डोळे उघडावेत तसा माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "मला पडलंय." पुढे काहीतरी सांगणार होतास. तोंड उघडलं होतंस. तेवढ्यात माझी बस आली आणि मी म्हटलं, "उद्या बोलू." बेथला पुढच्या रविवारी समोर बसवून नीट सांगायचं, असं तू ठरवलं होतंस. त्या रविवारच्या आधीच तू खुर्चीत बसल्या बसल्या मोकळा झालास. वाद अर्धा टाकून जायची ही काय पद्धत आहे? हरत होतास म्हणून गेलास, असं मी लोकांना सांगतोय. खरं म्हणजे मी हरत होतो.

इथे मेल्यावरसुद्धा नंबर लागतो. तू देवाला घाईनं गेलास, पण क्रेमेटोरियमनं तुला ताटकळत ठेवलं. तुझ्यामुळे ज्यांनी ज्यांनी आजवर ताटकळत वाट बघितली त्या सगळ्यांनी तिथे मनातल्या मनात हिशेब चुकता केला असेल. बेथच्या सांगण्यावरून कॅरलनंही दगडाचं काम पुढे ढकललं होतं. ते आता या सोमवारी.

हॉल भरला होता. हॉस्पिटलातली मंडळी, मराठी मंडळ, विहारातले कांबळे पतीपत्नी, ज्यांच्याशी तू दर निवडणुकीला भांडायचास, आणि दर वेळी त्यांच्याच घरी जेवायचास. बेथ बोलायला उभी राहिली. काळी साडी, वहिनींची. अर्धं इंग्रजीत बोलली, अर्धं मराठीत. म्हणाली, "बाबानी माझी आईला तिचा हिरो दिली." निखिलनं मान खाली घातली. आणि मग ती पुलावरच्या लुईसबद्दल बोलली, भाकरीसकट. लोक रडता रडता हसले. सोमवारी ती गोष्ट दगडात जाणार, आणि मग तिच्या मुलांना, त्यांच्या मुलांना तीच खरी.

नंतर समोशांच्या टेबलापाशी मी तिला गाठलं. सगळं सांगितलं. कॅलेब, हॅना, मधलं नाव, तुझी चूक. एक शब्द वाढवला नाही, मन्या. तुझी शपथ. तिनं डोळे पुसले, मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "काका, तुझा गोष्ट बेस्ट असते. बाबाला आवडला असता."

"अगं, गोष्ट नाही, खरं आहे!"

"हो रे, हो," ती म्हणाली आणि माझ्या गालावर थोपटलं.

निखिलकडे गेलो. "काका, प्लीज. आज नको." म्हटलं, बाबाचा लॅपटॉप उघडून बघ. तो म्हणाला, "ठेवून दिलाय मी. मला एवढ्यात तो उघडवत नाही हो." वहिनींकडे गेलो तर मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "भावजी, निदान आज तरी." शपथ घ्यावी तर माझ्या सगळ्या शपथा वापरून झिजलेल्या. देवाची घेतली तर देव हसतो, गळ्याची घेतली तर गळा खाजतो. एकदा कांबळ्यांना मी सांगितलं होतं की माझ्या परसात भोपळा एवढा वाढला की कौन्सिलनं त्याला वेगळा घरनंबर दिला. त्या भोपळ्याची फळं मी आता खातोय.

काल इथपर्यंत लिहिलं आणि उठलो. पुढे काही सुचेना. घरात फेऱ्या मारल्या, जिन्यावरून वर गेलो, खाली आलो, वर कशाला गेलो होतो ते आठवेना. आणि मधल्या पायरीवर डोक्यात आलं: मला सांगायची काय गरज आहे? मी सांगितलेलं कुणाला पटत नाही. पण विचारलेलं?

आज दुपारी कॅरलला फोन केला. तिकडे सकाळ होती.

"कोण, शरद? तो पोळीवाला मित्र?"

"भाकरी," मी म्हटलं. "कॅरल, मी आज काही सांगणार नाही. दोनच गोष्टी विचारतो. तुमच्या घराण्यात मधलं नाव कुणाचं असतं?"

"आईकडचं. डॉक्टरांना सांगितलं होतं मी."

"मग एमॉसचं मधलं नाव काय?"

"लुईस," ती म्हणाली.

मग ती काहीच बोलली नाही. मी पण नाही. माझ्यासारख्या माणसाला गप्प राहायचं म्हणजे काय यातना असतात, तुला कल्पना आहे. गालफडं दुखायला लागली.

"ओह," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "म्हणजे लुईस बाप नव्हे."

"नव्हे."

"डॉक्टरांना कळलं होतं?"

"त्यांनाच कळलं. तुम्हाला सांगणार होते, राहून गेलं. आमच्यात मधे बापाचं नाव असतं, कॅरल. त्यांना वाटलं, सगळ्या जगात तसंच."

तिनं बापाचं विचारलं. मी कॅलेबचं सांगितलं: बंदूक घेऊन रात्रभर चालला, पोचला तेव्हा लढाई आटोपली होती.

"पण गेला होता ना?"

"गेला होता."

"मग झालं तर," ती म्हणाली. आणि मग: "आई कोण होती?"

"हॅना. हॅना लुईस."

"कशी होती?"

काय सांगू तुला! गाय खांद्यावर घेऊन पुरातून नदी ओलांडणारी हॅना माझ्या जिभेवर येऊन उभी राहिली. शिंगं माझ्या टाळूला लागत होती. मी तिला गाईसकट गिळलं.

"माहीत नाही," म्हणालो.

"दगडवाल्याला आत्ता फोन करते," कॅरल म्हणाली. "कॅलेब आणि हॅना, दोघांचाही मुलगा. जागा पुरली पाहिजे."

तासाभरात बेथचा फोन. "काका! तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तू समोसा खात होतीस तेव्हा."

मग "गाढवा" म्हणाली आणि रडायला लागली. मग आम्ही दोघंही रडलो, फोनवर, ती केंब्रिजमध्ये, मी इथे. मन्या, तू निवडलेलं माणूस नव्हतं ते. पण असं माणूस निवडूनही मिळालं नसतं तुला.

संध्याकाळच्या आत तुझ्या घरी गेलो, वहिनींच्या कानावर घालायला. त्या स्वयंपाकघरात होत्या. मी सगळं सांगितलं, बागेतला आपला वादही. तू 'मला पडलंय' म्हणालास तेही. त्यांनी गॅस बंद केला आणि बसल्या.

"म्हणून ते असे करत होते," त्या म्हणाल्या.

"असे म्हणजे?"

"त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी यांनी साताऱ्याला अक्कांना फोन लावला. यांची मोठी आतेबहीण. म्हणाले, अक्का, माझ्या आईचं लग्नाआधीचं नाव काय गं? अक्का म्हणाल्या, इंदिरा. हे म्हणाले, ते आमच्याकडचं, तांदळात लिहिलेलं. त्याच्या आधीचं? अक्कांना ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला सगळे 'नवी' म्हणायचे म्हणाल्या. यांनी आणखी दोघा-तिघांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. माहेरचं कुणी उरलेलं नाही."

तुझी आई तू शाळेत जायच्या आधीच गेली, एवढंच मला माहीत होतं. तिच्याबद्दल तू कधी बोलला नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. साऱ्या जगाच्या गप्पा मारल्या आपण! हे तू बागेत सांगणार होतास आणि मी बस पकडली. ती बस मला रोज दिसते, मन्या. रोज ती तशीच येते आणि मी तिच्यात चढत नाही.

"मग एक दिवस," वहिनी म्हणाल्या, "मी पोळ्या लाटत होते. हे इथे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, कुसुम."

"कोण कुसुम?"

"मी. माहेरची. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं सुमन लिहिलं, तेव्हापासून कुसुम कुणी म्हटलं नाही. आईवडील गेले, भाऊ गेला. मी विसरलेच होते म्हणा ना. मी वळलेच नाही. पुन्हा म्हणाले, कुसुम, चालेल का अशी हाक मारली तर? मी म्हटलं, या वयात काय हे! पण मारत होते. गेले त्या दिवशीसुद्धा. चहा दे कुसुम, म्हणाले."

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं त्यांनी, घाबरल्यासारखं.

"खरं सांगते, भावजी. मुलांना मी सांगितलेलं नाही, त्यांना वाटेल, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तुम्हाला खरं वाटतंय ना?"

मला विचारत होत्या, मन्या. मला!

"वाटतंय," मी म्हटलं. "कुसुमवहिनी."

त्यांनी ओ दिली.